पुष्करचं नाक

माझ्या नवऱ्याला कशाचाही वास येत नव्हता, आणि तरीही तो दर शनिवारी दुपारी चार वाजता लॅपटॉपसमोर बसून बीअरच्या वासावर प्रवचन द्यायचा. समोरच्या चौकोनांतले लोक माना डोलवायचे. वास मी घ्यायची. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं ठेवलेल्या स्टुलावर, डिशवॉशरला पाठ टेकून, हातात त्याच बाटलीतला अर्धा ग्लास घेऊन मी बसलेली असायची.

हे २०२१ सालचं. आम्ही बेस्ट नावाच्या डच गावात राहतो, आइंडहोव्हनच्या अगदी शेजारी. पुष्कर चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करणारा इंजिनियर. इथून बेल्जियम इतकं जवळ, की पुण्यात लोक रविवारी सिंहगडावर जातात तसा हा सीमा ओलांडून बीअर प्यायला जायचा. प्रत्येक बीअरचा ग्लास वेगळा असतो म्हणे, म्हणून ग्लास जमवले. ते सगळ्यांना दिसावेत म्हणून स्वयंपाकघरात उघडी फळी ठोकली. ती कुठे, तर गॅसच्या शेजारी, कारण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात तोच कोपरा छान दिसतो. पुष्कर, इथे फोडणी उडते रे, असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला, फ्रेममध्ये काहीतरी हवं ना.

त्याआधीच्या डिसेंबरात त्याला कोविड झाला. ताप उतरला, खोकला गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, फोनवरच सांगितलं की थांबा, येईल परत. पुष्कर थांबला, पण कोणालाही सांगितलं नाही. पुण्यात आईला नाही, ऑफिसात नाही, कॉलेजपासूनच्या मित्राला, संजीवलाही नाही. मलासुद्धा कळलं ते भात करपला तेव्हा. हा गॅसला टेकून फोन बघत उभा होता आणि वरच्या मजल्यावरून मी ओरडत खाली आले. तेव्हा त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मी करपलेल्या पातेल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

अ‍ॅनेके नावाची एक बाई इथल्या कालव्याकाठी छोटीशी ब्रुअरी चालवते. बेल्जियन पद्धतीची बीअर करते. त्या हिवाळ्यात हॉटेलं बंद, बार बंद, संध्याकाळी बाहेर पडायलाही बंदी, त्यामुळे तिच्या बीअरला गिऱ्हाईक नव्हतं. तिनं जुनी गिऱ्हाइकं धरून आठ जणांना घरपोच बाटल्या पाठवायला सुरुवात केली. पैसे नकोत, फक्त शनिवारी व्हिडिओवर यायचं, सगळ्यांनी एकदम चाखायची आणि खरं काय ते सांगायचं. पुष्कर त्या आठांत होता, आणि त्यानं नीउ-व्हेनेप गावात राहणाऱ्या संजीवलाही त्यांतच चिकटवून घेतलं. उरलेले सगळे डच.

पहिल्याच शनिवारी गडद तपकिरी बीअर होती. पुष्करनं ग्लासात नाक घातलं, पुन्हा घातलं, मग माइक बंद करून माझ्याकडे वळला.

"उत्तरा, प्लीज. फक्त आजच्या दिवस."

मी वास घेतला. "मनुका. काळा गूळ. पावाची कडक भाजलेली कड. आणि जरासा चिंचेच्या कोळाचा आंबटपणा."

त्यानं माइक चालू केला आणि हे सगळं इंग्रजीत सांगितलं. काळा गूळ म्हणजे काय हे समजावताना तर त्याला असा काही रंग चढला, जणू तो स्वतःच गुऱ्हाळावर वाढला होता. मंडळी खूश. अ‍ॅनेके म्हणाली, असं कोणी आजवर सांगितलं नव्हतं. झालं. फक्त आजच्या दिवसचे चार महिने झाले.

आता माझ्याबद्दल. बीअरचा मला शौक नाही. अर्धा ग्लास मला पुरतो. पण वास हा माझा धंदा होता. पुण्यात मी खाद्यपदार्थांचे स्वाद बनवणाऱ्या कंपनीत होते. बिस्किटांना लोण्याचा वास, गोळ्यांना कैरीचा वास, श्रीखंडाला न घातलेल्या केशराचा वास, हे सगळं आमच्या लॅबमध्ये बाटल्यांतून यायचं. कुठल्या बाटलीत काय आहे हे डोळे बांधून ओळखायचं, आणि दोन नमुन्यांतला केसाएवढा फरक सांगायचा, याचा मला पगार मिळायचा. मग पुष्करच्या परमिटवर इथे आले. काम करायची परवानगी होती, पण काम नव्हतं. आधी डच येत नाही म्हणून नको. डच शिकेपर्यंत मधली वर्षं रिकामी गेली म्हणून नको. शेवटी मी अर्ज करणं सोडून दिलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत उकडीच्या मोदकांची जबाबदारी घेणारी पुष्करची मिसेस झाले.

आमची लेक प्रांजली चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. एका शनिवारी फ्रिज उघडता उघडता तिनं स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, दॅट्स लिटरली स्टीलिंग." आणि चीज घेऊन वर निघून गेली. आयत्या बिळावर नागोबा हे तिला मराठीत सांगता आलं नसतं, पण तिला म्हणायचं तेच होतं.

एप्रिलमध्ये अ‍ॅनेकेनं सगळ्यांना सांगितलं की जूनमध्ये ब्रुअरी नीट उघडेल, तेव्हा तिला एक नाक हवं आहे. टाकीतली बीअर बाटल्यांत भरण्याआधी ती पास की नापास हे तिच्याशिवाय आणखी कोणीतरी सांगायला हवं. स्वतःच्या पोराचे दोष आईला दिसत नाहीत, असं काहीसं ती डचमध्ये म्हणाली. आठवड्यातले दोन दिवस, रीतसर नोकरी. आणि माणूस ती या शनिवारच्या मंडळींतूनच निवडणार होती.

कॉल संपला आणि मी पुष्करला सांगितलं, "हे काम मला हवंय."

"तुला? अगं, पण ती तुला ओळखत नाही."

"मग तू सांग तिला."

"सांगतो ना. पण योग्य वेळ येऊ दे. आधी ऑफर माझ्याकडे येऊ दे. मग मी म्हणेन की माझा फुल-टाइम जॉब आहे, आणि हळूच तुझं नाव पुढे करेन. डायरेक्ट सांगितलं तर ऑकवर्ड होईल. इतके दिवस काय चाललं होतं, असं नाही का विचारणार ती?"

योग्य वेळ ही पुष्करची फार आवडती वेळ आहे. ती कधी येत नाही, त्यामुळे ती पाळायचीही वेळ येत नाही. मी मात्र वाट पाहत राहिले, कारण त्या कामाचा विचार मनात आल्यापासून मला रात्री झोप धड लागत नव्हती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी नेमकं माझंच काम बाजारात मांडलं होतं आणि त्याच्या दारात माझा नवरा उभा होता.

मग तो मे महिन्यातला शनिवार आला. त्या दिवशी ट्रिपेल होती. ही बेल्जियन बीअरमधली दिसायला सोनेरी, प्यायला सोपी आणि डोक्याला जड. तिच्यावर पांढरा, दाट फेस हवा, आणि प्यायल्यावर ग्लासाच्या काचेला त्याची जाळी चिकटून राहायला हवी. सुरू होण्याआधीच अ‍ॅनेकेनं पुष्करला झापलं. "तू नेहमी गोड बोलतोस. चार महिन्यांत तू मला एकही चूक सांगितली नाहीस. आज सांग. त्याशिवाय मी माणूस निवडू शकत नाही."

तिनं चूक ऐकली नव्हती, कारण पुष्करनं तिच्यापर्यंत एकही पोचू दिली नव्हती. मी सांगत होते. फेब्रुवारीत एका बाटलीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता, तो मी सांगितला. यानं गाळला. का, तर ती बिचारी फुकट पाठवते. कोणी जेवायला बोलावल्यावर भाजीत मीठ कमी आहे असं आपण म्हणतो का? मी म्हटलं, अरे, तिनं जेवायला नाही बोलावलं, मीठ बघायलाच बोलावलंय. पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. यजमानीणबाईंना नावं ठेवायची नाहीत, हे त्याच्या आईनं त्याच्या डोक्यात असं ठोकून बसवलंय की चूक काढायला बोलावलं तरी हा छान, छान म्हणून ताटावरून उठणार.

मी ग्लास नाकाशी नेला. वेलची केळं, चांगलं पिकलेलं. त्यावर लवंग. संत्र्याची साल नखानं टोचली की उडतो तसा तुषार. सगळं सुरेख. आणि त्याच्याखाली लोणी. तूप कढवायला लोणी ठेवलं की पहिल्यांदा जो वास सुटतो, तो. मला तो झोपेतही ओळखता आला असता. बिस्किटांसाठी मी तो वर्षानुवर्षं बाटलीतून थेंबाथेंबानं घातला होता. बिस्किटात तो हवा असतो, ट्रिपेलमध्ये नको. आंबवणीचा तो उरलेला वास यीस्ट शेवटी स्वतःच खाऊन टाकतं, पण त्याला उबेत थोडे दिवस द्यावे लागतात. टाकी लवकर थंड केली की लोणी मागे राहतं.

पुष्करनं माइक बंद केला. मी सगळं सांगितलं. "लोणी आहे, पुष्कर. हा दोष नक्की सांग. ती आज तेच विचारतेय."

"लोणी म्हणजे तिच्या मेकिंगमध्येच फॉल्ट काढल्यासारखं होईल."

"फॉल्टच आहे."

त्यानं माइक चालू केला. केळं सांगितलं, लवंग सांगितली, संत्र्याची साल तर नखासकट सांगितली. मग घसा खाकरून म्हणाला, "आता चूक. फेस. अजिबात टिकत नाही. बघा, एका मिनिटात मेला." आणि ग्लास कॅमेऱ्याला दाखवला. खरोखरच बीअर एखाद्या थंड चहासारखी सपाट पडली होती.

ज्या माणसाला वास येत नाही तो डोळ्यांना दिसेल तीच चूक काढणार. बाकी सातांनी आपापले ग्लास वर केले. प्रत्येकाच्या ग्लासात बोटभर फेस उभा होता.

अ‍ॅनेके स्क्रीनच्या जवळ आली. "पुष्कर, तुझा ग्लास तेलकट आहे का? तेलानं फेस मरतो."

आता ऐका. या माणसानं कुठेतरी वाचलं होतं की साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो, म्हणून त्या ग्लासांना साबण लावायला घरात बंदी होती. डिशवॉशरही नाही. तो स्वतः ते गार पाण्यानं विसळायचा आणि पुन्हा फळीवर मांडायचा. त्या फळीखाली मी रोज मोहरी तडतडवते. वर्षभराची फोडणी त्या काचांवर थरानं बसली होती, बोट लावलं तर ओशट लागत होती. हे मी त्याला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. आणि त्या क्षणी ते त्याच्याही लक्षात आलं. मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, चूक माझी.

तो हसला. अगदी मोकळं, गोड हसला. "माय वाइफ्स कुकिंग," तो म्हणाला. "इंडियन किचन, यू नो. एव्हरीथिंग इज ऑइली."

सगळे हसले. संजीव सर्वांत मोठ्यानं हसला आणि मराठीत ओरडला, "वहिनी, फोडणी कमी करा जरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने वास माझा आणि नाव त्याचं, तेही मी गिळलं होतं. पण तेल मात्र माझं. त्या घरात जे सुगंधी ते पुष्करचं, आणि जे ओशट ते बायकोचं. वर मी तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेली, त्यांनी कधीही न पाहिलेली, आणि ते माझ्याच स्वयंपाकाला हसत होते.

मी उठले. फळीवरचा त्याचा दुसरा ग्लास काढला. सिंकपाशी गेले, भरपूर साबण घेतला आणि पुष्करच्या डोळ्यांदेखत तो आतून बाहेरून घासला. मग गरम पाण्याखाली धरून धरून धुतला. पुष्कर माझ्याकडे बघत हळूच मान हलवत होता, नको, नको. मी त्याच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिले, त्याच्याच बाटलीतली उरलेली बीअर त्या ग्लासात ओतली आणि कॅमेऱ्यासमोर ठेवली. फेस वर आला, दाटला आणि राहिला. हसणं आपोआप थांबलं.

"फेस उत्तम आहे," मी डचमध्ये म्हणाले. माझं डच पुष्करपेक्षा बरं आहे, हेही तिथे कोणाला माहीत नव्हतं. "तेल माझ्या स्वयंपाकाचंच. पण ग्लास गॅसशेजारी मांडले यानं, आणि साबण लावू दिला नाही यानं. आणि आजवर तुम्ही ज्या नाकाचं कौतुक करत होता, ते माझं आहे. याला डिसेंबरपासून वास येत नाही."

इंग्रजी न बोलता मी डच बोलले, म्हणून पुष्करला समजायला एक क्षण उशीर झाला. मग त्याचा चेहरा उतरला. "शी हेल्प्स मी समटाइम्स," तो म्हणाला.

अ‍ॅनेकेनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "तुझं नाव काय?" तिनं मला विचारलं.

"उत्तरा."

"उत्तरा. या बीअरमध्ये काय चुकलंय?"

"लोणी. केळ्याच्या खाली. टाकी लवकर थंड केलीस. अजून थोडे दिवस उबेत ठेवली असतीस, तर गेलं असतं."

तिनं आपला ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मग म्हणाली, "मला टाकी रिकामी हवी होती, म्हणून घाई केली. वाटलं होतं कोणाला कळणार नाही. आठ जणांना पाठवली, आणि आतापर्यंत कोणालाच कळलं नाही." तिनं कॅलेंडर बघितलं. "जूनच्या पहिल्या मंगळवारी ये. सकाळी. पुढची टाकी तू सांगितल्याशिवाय भरणार नाही."

संजीवनं आपला व्हिडिओ बंद केला होता.

कॉल संपल्यावर पुष्करनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस."

"तू चार महिने मला सगळ्यांसमोर झाकून ठेवलंस."

"मी सांगणारच होतो. योग्य वेळ—"

"ती वेळ आज होती. तुझ्या तोंडाशी आली होती. आणि तू माझी फोडणी काढलीस."

तो उठला, मसाल्याच्या डब्यापाशी गेला, हिंगाची डबी उघडली आणि नाकाला लावून उभा राहिला. "काही नाही," तो म्हणाला. "हिंगसुद्धा नाही, उत्तरा. कधी कधी वाटतं, कायमचं गेलं. लोकांना सांगितलं असतं तर माझ्याकडे उरलं काय असतं?"

मला त्याची दया आली. आणि त्या दयेचाही मला राग आला, कारण त्याचं उरलेलं काही राखायला त्यानं माझ्याकडचं सगळं वापरलं होतं आणि ते त्याला अजूनही दिसत नव्हतं. "तुझं नाक गेलं त्याचं मला वाईट वाटतं," मी म्हटलं. "माझं तू घेतलंस, त्याचं तुला वाटतंय का, ते बघ." रात्री तो जेवला, पण भाजी कशी झालीय हे मी विचारलं नाही, आणि त्यानं छान झालीय असंही म्हटलं नाही.

पुढचे दिवस आम्ही कामापुरतं बोललो. ठरलेल्या मंगळवारी सकाळी मी तयार होऊन खाली आले, तर पुष्कर दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात गाडीची किल्ली. त्यानं ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. त्याचा चेहरा इतका मवाळ होता की मला वाटलं, हा आता सॉरी म्हणणार.

"चल, मी सोडतो तुला," तो म्हणाला. "आतही येतो पाच मिनिटं. अ‍ॅनेकेशी तुझी नीट ओळख करून देतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं नाव घेतल्याशिवाय मी त्या दारातून आत जाऊ शकणार नाही.

"ती मला ओळखते," मी म्हटलं, आणि शेडमधून सायकल बाहेर काढली.